तांबी म्हणा, आंकडी म्हणा

दिवस राहू नयेत म्हणून गर्भाशयात बसवतात त्या साधनाला वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांत तांबी म्हणतात, तर आरोग्य केंद्रातल्या गुजराती सिस्टरबेन आंकडी म्हणतात. तक्रार मात्र दोन्ही भाषांत एकच: ‘बसवली आणि ओटीपोट दुखायला लागलं.’ डॉक्टर मंडळी बहुतेक वेळा हे हसण्यावारी नेतात. मला त्यात तथ्य वाटतं, फक्त आरोपी चुकलाय.

गर्भाशयाच्या तोंडाशी चिकट स्रावाचं बूच असतं. खालचे जंतू वर जाऊ नयेत, यासाठीची ती राखण. तांबीची नळी त्या बुचातूनच आत सरकते. तिथे आधीच क्लॅमिडियाचा किंवा परम्याचा, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणाऱ्या जंतूंचा, संसर्ग असेल, तर जंतूंना आयतीच वाट मिळते आणि गर्भाशय, गर्भनलिका सुजतात. नलिकेत व्रण राहिला तर पुढे मूल राहणं अवघड होतं. हा धोका वाढलेला दिसतो तो मुख्यतः बसवल्यानंतरच्या पहिल्या 20 दिवसांत. पुढे तीच तांबी 10 वर्षं आत राहिली तरी तो कमीच असतो. म्हणजे संसर्ग तांबीने आणलेला नसतो, तो आधीच मुक्कामाला असतो.

मग आधी ओळखता येत नाही? इथेच गोम आहे. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक बायकांना काहीच जाणवत नाही. उलट जिच्या अंगावरून पांढरं जातं, तिला बऱ्याचदा बुरशीचा किंवा योनीतल्या नेहमीच्या जंतूंचा तोल बिघडल्याचा त्रास असतो. म्हणून ‘पांढरं जातं का?’ एवढं विचारून फॉर्मवर खूण करणं पुरेसं नाही. सरकारी केंद्रांत लक्षणांवरून औषधांचं रंगीत किट देतात. पांढरं जाण्यासाठी हिरवं, गर्भाशयाच्या तोंडाच्या संसर्गासाठी राखाडी. हिरव्यातल्या गोळ्या क्लॅमिडियाला हातही लावत नाहीत. तेव्हा स्पेक्युलम (योनी उघडून आत पाहायचं साधन) लावून पू दिसतो का ते पाहायला हवं, सोय असेल तिथे नमुना तपासायला हवा. आणि सासूबाईंना बाहेर बाकावर बसवून विचारायला हवं: नवऱ्याला लघवीला जळजळ होते का? तो कामानिमित्त बाहेरगावी राहतो का?

नवरा हा या साऱ्यातला सर्वांत अवघड रुग्ण. कुटुंब नियोजनाचा विभाग म्हणजे बायकांची जागा, तिकडे तो फिरकत नाही. पण त्याने त्याच वेळी औषध घेतलं नाही, तर बरी झालेली बायको पुन्हा आजारी पडणार. ‘तुमच्या नवऱ्याने आणलंय’ असं सिस्टर म्हणाली की घरात महाभारत. ‘दोघांचं इन्फेक्शन आहे, दोघांनी घ्यायचंय, सात दिवस जवळ यायचं नाही’ हे बोलणं चालतं, आणि ते खोटंही नाही. क्लॅमिडिया महिनोन्‌महिने गुपचूप राहतो. तो कधी आला, कोणाकडून आला, हे रिपोर्ट सांगत नाही.

संसर्ग सापडला की तांबी पुढे ढकलायची, बाईला नाही. संसर्गावरचं औषध चालू असताना दिवस राहू शकतातच. तेव्हा तिच्या हातात निरोध द्यावेत, चालत असेल तर छाया या गर्भनिरोधक गोळ्याही, आणि कार्डावर परत यायची तारीख लिहावी. निरोध एरवीही हवेत, कारण तांबी, गोळ्या, अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन, ऑपरेशन यांपैकी काहीच लैंगिक संसर्ग अडवत नाही. आणि तांबी बसवून वर्ष झाल्यावर असा संसर्ग झालाच, तर ती काढायची घाई नको. ती आत असतानाच औषध देता येतं. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, तरच काढायचा विचार करतात.