घरविक्रीपूर्व पाहणी आणि विक्रेत्याचा खर्च (सांगली)

घरविक्रीपूर्व पाहणी : राहते घर विकायला काढण्याआधी किंवा व्यवहार ठरत असताना त्याचे बांधकाम, ओल, गच्ची, वायरिंग आणि सांडपाण्याची व्यवस्था यांची जाणकाराकडून करून घेतलेली तपासणी. अमेरिकेत अशी पाहणी खरेदीच्या करारात बहुधा असते आणि तिथल्या अनेक राज्यांत हे काम करणाऱ्याला परवाना लागतो. भारतात ती सक्तीची नाही. सांगलीत घर घेणारा वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो, सूची क्रमांक २ च्या (नोंदणी झालेल्या व्यवहारांच्या नोंदींच्या) नकला मागवतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो. भिंती मात्र दोन-चार खोल्या फिरून नुसत्या नजरेने पाहतो. कागदांना मिळते तेवढे लक्ष भिंतींनाही मिळायला हवे. आणि ही पाहणी खरेदीदाराची वाट न बघता विकणाऱ्यानेच आधी करून घेणे त्याच्या हिताचे आहे.

याला कायद्याचाही आधार आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, वेगळा करार नसेल तर, मिळकतीतील किंवा मालकी हक्कातील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत आहे आणि खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही कळण्यासारखा नाही, तो सांगण्याची जबाबदारी विक्रेत्यावर असते. रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्यातील पाच वर्षांची दोषदुरुस्तीची हमी बिल्डरपुरती आहे. जुने घर विकणाऱ्याला ती लागू होत नाही, पण कलम ५५ होते.

सांगलीपुरता या पाहणीचा सर्वांत मोठा विषय पाणी. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर इथे घर बघायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ‘पाणी कुठवर आलं होतं?’ हाच असतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये नदी ५७ फुटांच्या वर गेली होती. त्या वेळी तळमजले बुडालेल्या घरांत विटांच्या भिंतींनी धरलेली ओल महिनोन्‌महिने हटत नाही. जोत्यातून ओल वर चढते, पाण्यातले क्षार पृष्ठभागावर येऊन पांढरा खार फुटतो, गिलाव्याचे पोपडे निघतात. अशा भिंतीवर घाईने तेलकट रंग किंवा पुट्टी मारली की ओल आत कोंडते आणि एका पावसाळ्यात रंग फुगून येतो. म्हणून जाणता गवंडी किंवा अभियंता कपाट सरकवून मागची भिंत बघतो, दाराच्या चौकटीचा खालचा भाग टोकरून वाळवी शोधतो, फरशी ठोकून आवाज ऐकतो. पोकळ आवाज आला तर खालचा भराव खचलेला असू शकतो. बोर्ड पाण्यात गेले असतील तर वायरिंग बदलले का, हे विचारावेच लागते. पुराची खूण रंगाखाली झाकण्यापेक्षा ती दाखवून, पुढे काय दुरुस्त केले याच्या पावत्या समोर ठेवणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. गल्लीतल्या प्रत्येकाला पाण्याची उंची ठाऊक असते. खरेदीदाराला ती शेजारच्या टपरीवर कळली, तर विक्रेत्याच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही त्याचा विश्वास उडतो.

पूररेषाही तपासावी लागते. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दाखवते. या रेषांच्या आत नव्या बांधकामावर निर्बंध आहेत. जुने घर पाडून तिथे नवे बांधायचे मनात असलेल्या खरेदीदाराच्या दृष्टीने त्यामुळे जागेची किंमतच बदलते.

दुसरा विषय काळ्या मातीचा. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया उथळ असेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा जातो. केसासारख्या बारीक भेगा बहुधा गिलाव्याच्या असतात. बोटाचे टोक शिरेल असा, दर वर्षी वाढणारा तिरका तडा पायाकडे बोट दाखवतो. जुन्या पेठांतील माळवदाच्या (लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छत असलेल्या) घरांत तुळईची टोके भिंतीत जिथे रुततात तिथे लाकूड कुजले आहे का, हे पाहतात. काँक्रीटच्या घरात सळ्या गंजून स्लॅबचे तुकडे सुटलेत का आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग कधी केले, एवढे बघितले तरी बरेच कळते. महापालिका हद्दीत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र घेणे कायद्याने बंधनकारक आहे. फ्लॅट विकणाऱ्याने सोसायटीकडून स्ट्रक्चरल ऑडिटची प्रत आधीच मागून ठेवावी.

कागदांच्या बाबतीत सांगलीची खास अडचण गुंठेवारीची. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. मंजूर रेखांकनाशिवाय एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेल्या जमिनींवर शहराभोवती मोठी वस्ती उभी राहिली. त्यांच्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा आला आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली. असे घर नियमित करून घेतलेले नसेल तर बँक कर्जाला सहसा नाही म्हणते आणि रोखीने घेणाऱ्याशीच सौदा करावा लागतो. नियमितीकरणाचे शुल्क म्हणूनच विक्रीचा खर्च समजावे. वारसा हक्काच्या घरात मालमत्ता पत्रकावर सगळ्या वारसांची नोंद आणि बहिणींची सही किंवा हक्कसोडपत्र हवे. विट्याकडची अनेक कुटुंबे गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) धंद्यानिमित्त परप्रांतात असतात. अशा वेळी कुलमुखत्यारपत्र रीतसर करून घेण्याचा वेळ आणि खर्च आधीच हिशेबात धरावा.

वेगळे काही ठरले नसेल तर मुद्रांक शुल्क खरेदीदार भरतो. विकणाऱ्याकडून जाते ते वेगळे. एजंटची दलाली साधारण १ ते २ टक्के असते. थकीत घरपट्टीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते आणि तिचा बोजा मिळकतीवरच राहतो. पतसंस्थेचे किंवा बँकेचे कर्ज असेल तर ते फेडून बोजा कमी केल्याची नोंद करून घ्यावी लागते. महापालिका क्षेत्रात सोसायटीला हस्तांतरणासाठी २५,००० रुपयांपेक्षा जास्त प्रीमियम मागता येत नाही.

ठरलेली किंमत किंवा मुद्रांक मूल्य ५० लाख रुपये वा त्याहून जास्त असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापतो. म्हणजे ६० लाखांच्या घरात ६०,००० रुपये कमी हाती येतात. तो विक्रेत्याच्याच करात जमा होतो, पण संचकारपत्र (विसाराचा करार) करताना हे माहीत नसले तर पुढच्या घराचा हप्ता अडतो. भांडवली नफ्याचा कर मात्र खरा मोठा. २४ महिन्यांहून अधिक काळ ताब्यात असलेल्या घराच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून इंडेक्सेशनशिवाय (महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून न धरता) १२.५ टक्के दर आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला इंडेक्सेशनसह २० टक्क्यांच्या हिशेबाशी तुलना करून कमी तो कर भरता येतो. आजोबांच्या वेळच्या घरासाठी १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्यावा, त्याची फी वसूल होते. दलाली नफ्यातून वजा होते. नवी खोली किंवा स्लॅब यांसारखी भांडवली सुधारणा पावत्या असतील तर धरली जाते. विक्रीआधी मारलेला रंग सहसा धरला जात नाही.

खरेदीपत्र नोंदवले की विक्रेत्याचे काम संपले, असा समज आहे. पण महापालिकेच्या कायद्यानुसार हस्तांतरणाची लेखी सूचना तीन महिन्यांत द्यायची असते आणि ती पोचेपर्यंत घरपट्टीची जबाबदारी जुन्या मालकावरही राहते. त्या सूचनेची पोच घ्यावी. वीजमीटर आणि नळजोड नव्या नावावर होईपर्यंत ती जपून ठेवावी.