स्ट्रेस इकोचा खर्च

स्ट्रेस इको ही हृदयाची सोनोग्राफी आहे. ती आधी रुग्ण विश्रांतीत असताना आणि नंतर हृदयावर ताण आणून करतात. हा ताण ट्रेडमिलवर चालवून किंवा हृदयाचे ठोके वाढवणारे डोब्युटामाइन हे औषध शिरेतून देऊन आणला जातो. एरवी नीट आकुंचन पावणारी हृदयाची भिंत ताण आल्यावर एखाद्या भागात मंदावली, तर त्या भागाला रक्त पुरवणारी धमनी अरुंद झाल्याचा संशय बळावतो. महाराष्ट्रातील मोठ्या शहरांत खासगी केंद्रांवर या तपासणीला साधारण ₹3,000 ते ₹8,000 पडतात. दोन केंद्रांच्या दरांत एवढी तफावत का, याचे उत्तर बहुतेक वेळा त्या आकड्यात काय धरले आहे आणि काय वगळले आहे यात सापडते.

ट्रेडमिलचा प्रकार स्वस्त असतो. ब्रूस या ठरलेल्या पद्धतीत दर 3 मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवतात. पट्टा थांबला की रुग्णाला लगेच डाव्या कुशीवर झोपवून 60 ते 90 सेकंदांत सर्व चित्रे घ्यावी लागतात, कारण हृदयगती उतरली की दोषही दिसेनासा होतो. गुडघेदुखी, पक्षाघात किंवा दम लागण्यामुळे ज्यांना चालणे जमत नाही, त्यांच्यासाठी डोब्युटामाइन वापरतात. वजनाच्या दर किलोला मिनिटाला 5 मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करून दर 3 मिनिटांनी 10, 20, 30 आणि 40 पर्यंत मात्रा चढवतात. हृदयगती तरीही अपुरी राहिली तर ती वाढवणारे दुसरे औषध अ‍ॅट्रोपीन देतात.

डोब्युटामाइनचा प्रकार महाग असण्याचे कारण औषध नव्हे. 70 किलो वजनाच्या माणसाला पाचही टप्पे पूर्ण केले तरी सुमारे 22 मिलिग्रॅम डोब्युटामाइन लागते, आणि बाजारातील एका कुपीत 250 मिलिग्रॅम असते. खर्च होतो तो डॉक्टरांच्या वेळेचा. औषध सुरू असेपर्यंत आणि नंतर हृदयगती खाली येईपर्यंत त्यांना रुग्णाजवळून हलता येत नाही. शिवाय सलाईन पंप, सतत चालणारा ईसीजी, हाताशी तयार ठेवलेला डिफिब्रिलेटर (विजेचा झटका देऊन ठोके पूर्ववत करणारे यंत्र) आणि तेवढा वेळ अडकून राहणारे इको मशीन यांचाही भार दरावर पडतो. म्हणून फोनवर नुसते ‘स्ट्रेस इको किती?’ असे विचारले तर बहुधा ट्रेडमिलचाच दर सांगितला जातो. प्रकाराचे नाव घेऊनच दर विचारावा.

बिलात वेगळ्या लागू शकणाऱ्या बाबी ठरलेल्या आहेत : औषधे आणि सलाईनचे साहित्य, डॉक्टरांची सल्ला फी, आणि क्वचित कॉन्ट्रास्ट. हृदयाच्या भिंतीचे लागून असलेले दोन किंवा अधिक भाग स्पष्ट दिसत नसतील तर चित्र ठळक करणारे कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन देतात. स्थूल व्यक्ती आणि फुप्फुसाचे जुने आजार असलेले रुग्ण यांना ते लागण्याची शक्यता जास्त असते, आणि त्याने बिल बरेच फुगते. विश्रांतीतील चित्रे स्ट्रेस इकोचाच भाग असतात, तरी काही केंद्रे अलीकडचा संपूर्ण टू-डी इको (विश्रांतीतील हृदयाची नेहमीची सोनोग्राफी) मागतात. तो आधी झाला असेल तर अहवाल सोबत न्यावा, म्हणजे दुसऱ्यांदा पैसे भरावे लागणार नाहीत.

सर्वात मोठा फटका बसतो तो तपासणी अनिर्णित राहिल्यावर. 220 मधून वय वजा करून येणाऱ्या संख्येच्या 85 टक्के हृदयगती गाठायची असते. 60 वर्षांच्या व्यक्तीसाठी ती मिनिटाला 136 होते. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल यांसारखी ठोके मंदावणारी औषधे चालू असतील तर ही गती बऱ्याचदा गाठली जात नाही आणि अहवालातून ठाम निष्कर्ष निघत नाही. ही औषधे सहसा 24 ते 48 तास आधी थांबवतात, पण ती ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांना विचारूनच. मनाने बंद करणे धोक्याचे आहे. तपासणीआधी 3 ते 4 तास उपाशी राहावे लागते. जेवून आलेल्या रुग्णाला परत पाठवले जाते, आणि गावाहून आलेल्या कुटुंबाचा प्रवासखर्च व एका दिवसाची मजुरी वाया जाते. रक्तदाब फार चढला किंवा ठोके अनियमित झाले म्हणून तपासणी अर्धवट सोडली, तर पैसे पूर्ण घेणार का, हेही आधीच विचारून घ्यावे.

टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून फक्त ईसीजी पाहण्याची तपासणी, स्वस्त म्हणून आधी ती करून घेणे प्रत्येकाच्या बाबतीत काटकसरीचे ठरत नाही. डाव्या बाजूचा बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयातील विद्युतसंदेश वाहण्यातला अडथळा) असेल किंवा विश्रांतीतील ईसीजीतच ठळक बदल असतील, तर टीएमटीचा निकाल वाचता येत नाही. अशा वेळी ती तपासणी टाळून थेट स्ट्रेस इकोसारखी प्रतिमाधारित तपासणी करावी का, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा.

सरकारी आणि महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत दर खासगीच्या मानाने बरेच कमी असतात, पण तारीख उशिराची मिळते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासण्या निःशुल्क आहेत. स्ट्रेस इकोची सोय मात्र तिथे क्वचितच असते. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. या सवलतीची रचना खाटांभोवती असल्याने, ओपीडीतील तपासणीसाठी काय मिळेल हे उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटून विचारावे.

आरोग्यविम्यातून ओपीडीतील तपासणीचे पैसे सहसा मिळत नाहीत. केवळ तपासणीसाठी दाखल होणे बहुतेक पॉलिसींत वगळलेले असते, त्यामुळे ‘एक दिवस अ‍ॅडमिट व्हा, क्लेम करू’ हा सल्ला रुग्णाच्याच अंगाशी येतो. मात्र तपासणीत दोष सापडून पुढे अँजिओप्लास्टी झाली, तर दाखल होण्यापूर्वीच्या, पॉलिसीनुसार सहसा 30 किंवा 60 दिवसांतील खर्चात ती धरता येते. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी, मूळ पावती आणि अहवाल जपून ठेवावेत.

अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आईवडिलांवर ही तपासणी करण्याची वेळ आली तर बिलाची रचना वेगळी असते. रुग्णालयाचे शुल्क आणि डॉक्टरांचे शुल्क बऱ्याचदा स्वतंत्र बिलांनी येतात. बिलात प्रत्येक सेवेला ठरलेला कोड असतो. 93350 या कोडमध्ये इको आणि त्याचे वाचन येते, तर 93351 मध्ये ताणाच्या वेळचा ईसीजी आणि देखरेखही येते. कॉन्ट्रास्टसाठी 93352 वेगळा लागतो. अंदाजपत्रकात यांपैकी कोणते कोड आहेत ते पाहावे. 1 जानेवारी 2022 पासून विमा नसलेल्या रुग्णाला आधी लेखी अंदाज मिळण्याचा हक्क आहे, आणि एखाद्या रुग्णालयाचे किंवा डॉक्टरांचे बिल त्यांच्या अंदाजापेक्षा 400 डॉलर किंवा त्याहून अधिक आले तर त्यावर दाद मागता येते.