प्रोफेसरच्या रक्तातला हिवताप

२८ जून १९९१, लास व्हेगास. बारावी, म्हणजे शेवटची फेरी. घानाचा विश्वविजेता बॉक्सर अझुमा नेल्सन ऑस्ट्रेलियाच्या जेफ फेनेकचे ठोसे खातोय. हाच नेल्सन ९ वर्षांपूर्वी मेक्सिकोचा तेव्हाचा विश्वविजेता साल्वादोर सांचेझसमोर ऐन वेळी बदली म्हणून उतरला आणि १५व्या फेरीपर्यंत भिडला होता. रिंगमध्ये डोकं चालवतो म्हणून लोक त्याला ‘प्रोफेसर’ म्हणायचे. मग आज त्याचा दम कुठं गेला? लढत बरोबरीत सुटली, पट्टा कसाबसा वाचला. पुढे त्यानं सांगितलं, लढतीआधी मलेरिया झाला होता.

सबब वाटते ना? मलाही वाटली होती. पण जरा रक्ताचा हिशेब मांडू. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरतो, आतलं हिमोग्लोबिन खाऊन वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. आफ्रिकेत बोकाळलेल्या फाल्सिपारम जातीला एवढ्याला साधारण ४८ तास पुरतात. ताप उतरला तरी फुटलेल्या पेशींची भरपाई लगेच होत नाही.

१ ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. समजा, १०० मिलिलिटर रक्तात १५ ग्रॅमऐवजी १३च उरलं (हे आकडे नेल्सनचे नव्हेत, उदाहरणापुरते). जोरात असलेल्या खेळाडूचं हृदय मिनिटाला २५ लिटर रक्त ढकलत असेल, तर स्नायूंकडे जाणारा ऑक्सिजन दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त घटला. फेरी ३ मिनिटांची, विश्रांती १ मिनिटाची. स्टुलावर बसून तेवढ्यात ही उधारी फिटत नाही, पुढच्या फेरीत ती व्याजासकट अंगावर येते.

खरी धास्ती पाणथरीची. डाव्या बरगड्यांआड असलेला हा अवयव मलेरियात सुजतो, ताणला जातो. एखादा ठोसा वर्मी बसला तर फुटून आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो. मलेरियातून उठलेल्यानं काही काळ अंगाला अंग भिडणारे खेळ टाळायचे, ते याचसाठी. आणि फेनेक तर अंगावर चढून मारणारा.

१९९१च्या त्या लढतीचा निकाल बदलून २०२२मध्ये डब्ल्यूबीसीनं (जागतिक बॉक्सिंग परिषदेनं) फेनेकला विजयी ठरवलं. त्यात मला फारसं वावगं वाटत नाही.

तांबडी पेशी जगते साधारण १२० दिवस. १ मार्च १९९२ रोजी दोघं मेलबर्नमध्ये पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा ८ महिने उलटले होते. नेल्सनच्या अंगातल्या तांबड्या पेशी एव्हाना दोनदा बदलल्या असणार. ३३ वर्षांच्या प्रोफेसरनं फेनेकला पहिल्याच फेरीत खाली बसवलं, आणि आठव्या फेरीत पंचांना लढत थांबवावी लागली.