सिंहगडाचा चढ आणि दम लागण्याचे गणित

आतकरवाडीपासून सिंहगडावर जाणारी पायवाट जेमतेम पावणेतीन किलोमीटरची आहे, परंतु तेवढ्या अंतरात ती सुमारे ६०० मीटर उंची गाठते. सपाटीवर हे अंतर गप्पा मारत चालणारा माणूस इथे पहिल्या दहा मिनिटांतच कमरेवर हात ठेवून उभा राहतो आणि दोष ‘वरच्या विरळ हवेला’ देतो. हा दोष अनाठायी आहे. गडमाथा समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटरवर असून तिथला हवेचा दाब पुणे शहरातल्यापेक्षा फार तर आठ-नऊ टक्क्यांनी कमी असतो, आणि दम तर त्याच्या कितीतरी खाली लागलेला असतो.

खरे कारण चढण्याच्या वेगात आहे. साठ किलो वजन ६०० मीटर वर नेण्यासाठी गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ३५० किलोज्यूल कार्य करावे लागते. स्नायू मात्र खर्च केलेल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्साच अशा कार्यात उतरवू शकतात, त्यामुळे प्रत्यक्ष खर्च १४०० ते १५०० किलोज्यूल, म्हणजे साधारण साडेतीनशे किलोकॅलरी होतो. (वर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातले दही घेतले की हा खर्च सव्याज भरून निघतो, हे वजन कमी करण्यासाठी गड चढणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.)

एक लिटर ऑक्सिजन वापरला की शरीराला सुमारे २० किलोज्यूल ऊर्जा मिळते. गड एका तासात चढल्यास, विश्रांतीतली गरज धरून, मिनिटाला दीड लिटरच्या आसपास ऑक्सिजन लागतो. तोच चढ चाळीस मिनिटांत उरकायचा म्हटले तर ही गरज दोन लिटरवर जाते, आणि बैठे काम करणाऱ्या साठ किलोच्या प्रौढाची कमाल क्षमताच साधारण तेवढी असते. त्यातही चढ सुरू होताच हृदय आणि फुप्फुसे लगेच पुरेसा पुरवठा करू शकत नाहीत. त्यांना जुळवून घ्यायला दोन-तीन मिनिटे लागतात. तोवर स्नायू काही ऊर्जा ऑक्सिजनविना मिळवतात, रक्तातली आम्लता आणि कार्बन डायऑक्साइड वाढू लागतो आणि मेंदूतले श्वसनकेंद्र श्वासाचा वेग वाढवते. म्हणून सुरुवातीचा टप्पा मुद्दाम संथ चालणे हा आळस नसून शहाणपणा आहे.

उरलेली तीन चतुर्थांश ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. ती सगळी घामावाटे घालवायची तर जवळजवळ अर्धा लिटर घामाचे बाष्पीभवन व्हावे लागते. पावसाळ्यात गड ढगांत बुडालेला असताना हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, त्यामुळे घाम सुकण्याऐवजी नुसता ठिबकतो, आणि ठिबकणारा घाम अंग थंड करत नाही. गार वाऱ्यातही तेव्हा पाणी पीत राहावे लागते, ते यामुळेच.

उतरताना धाप लागत नाही, पण मांड्यांची कसोटी तिथेच लागते. प्रत्येक पायरीवर मांडीचा पुढचा स्नायू आखडलेला असतानाच ताणला जातो आणि ब्रेकसारखा शरीराचा वेग रोखतो. या ताणामुळे स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुखणे एक-दोन दिवसांनी शिगेला पोहोचते. त्याचे खापर सर्रास लॅक्टिक आम्लावर फोडले जाते, पण ते तर विश्रांतीनंतर तास-दीड तासात रक्तातून नाहीसे झालेले असते. अशा एका उतरणीनंतर स्नायू स्वतःला सावरून घेतात आणि पुढचे काही आठवडे तितक्याच उताराने कमी दुखावतात. त्यामुळे दर रविवारी गडावर येणारे साठीतले आजोबा सोमवारी बिनदिक्कत जिने उतरतात आणि वर्षातून एकदा येणारा तरुण कठडा धरून उतरतो.