फेस आला म्हणून गॅस कमी करू नका

एप्रिल-मेचा उकाडा सुरू झाला की वाशी-बेलापूरपासून घोडबंदर रोडपर्यंत केगमधून (बिअरच्या पिंपातून) थेट नळाने येणाऱ्या ड्राफ्ट बिअरची एकच तक्रार असते: टॅप उघडला की अर्धा ग्लास फेस. मग कुणीतरी रेग्युलेटर फिरवून बिअर ढकलणारा गॅस कमी करतं. धार मंदावते, एक-दोन ग्लास बरे भरतात आणि पुन्हा नुसता फेस.

उत्तर बारावीच्या हेन्रीच्या नियमात आहे. द्रवात वायू किती विरघळून राहणार, हे वरचा दाब ठरवतो आणि द्रव गार असेल तितका वायू जास्त मावतो. लिटरभर लागर प्रकारच्या बिअरमध्ये साधारण अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. ३ अंश सेल्सिअसला तो धरून ठेवायला ११-१२ पीएसआय (दाबाचं एकक) पुरतात. केग ८ अंशांवर गेला की १५-१६ लागतात. अशा वेळी दाब उतरवला की वायू पाइपातच सुटतो. नळाला फेस येतो, केगमधली बिअर सपक होत जाते.

म्हणून आधी तापमान बघा, तेही फ्रिजच्या काट्यावर नाही, तर दुसऱ्या ग्लासातल्या बिअरमध्ये थर्मामीटर बुडवून. ५० लिटरचा केग टेम्पोतून उतरवला की गार व्हायला पूर्ण दिवस द्या.

हाच दाब बिअर नळापर्यंत ढकलतो. धार शांत यायला उरलेला दाब पाइपाच्या घर्षणात जिरायला हवा. तीन सोळांश इंची पाइप फुटामागे २ ते ३ पीएसआय खातो, टॅप मीटरभर उंच असेल तर आणखी दीड. १२ पीएसआयला चार-पाच फूट पाइप बसतो. त्याहून आखूड असेल तर धार उसळते.

पारदर्शक पाइपाकडे नीट बघा. बुडबुडे केगच्या तोंडापासूनच दिसले तर केग गरम आहे किंवा दाब कमी. फक्त नळाजवळ दिसले तर टॉवर (ज्यावर नळ बसवलेला असतो तो खांब) तापलाय किंवा नळात घाण आहे. टॅप थोडा वेळ बंद राहिल्यानंतरचा पहिलाच ग्लास फेसाळत असेल तर दोष टॉवरचा. नळ अर्धवट उघडू नका, पूर्ण उघडा.

फेस ‘ग्लिसरीन’चा असतो म्हणून बाटली पाण्यात उलटी धरणारे अजून भेटतात. फेस टिकतो तो बार्लीतल्या प्रथिनांमुळे आणि हॉप्स या कडवट फुलांमुळे. यीस्ट थोडं ग्लिसरीन बनवतं खरं, पण ते पूर्ण विरघळलेलं असतं. उलटं धरून निघत नाही.

पाइप दर १४ दिवसांनी २ टक्के कॉस्टिक सोड्याचं द्रावण १५ मिनिटं फिरवून धुवा, हातमोजे आणि चष्मा घालून. मग साधं पाणी सोडा, बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत.