डेपोशेजारचा गुंठा

"कचरा डेपो दोन-चार वर्षांत हलणार, आत्ताच घेऊन टाका. नंतर भाव परवडायचा नाही." सांगलीत समडोळी रस्त्याला किंवा मिरजेत बेडग रस्त्याला जागा बघत फिरा, असं सांगणारा एजंट भेटेलच. आपली सांगली म्हणजे गुंठेवारीचं, म्हणजे जमीन गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकण्याचं, माहेरघर. डेपो आधी, वस्ती मागाहून, आणि मोर्चा त्याच्याही मागून, हा क्रम ठरलेला.

पण डेपो बंद झाला म्हणजे संपला, हे गृहीतच चुकीचं आहे. गाड्या यायच्या थांबतात, ढिगाच्या पोटातलं काम चालूच राहतं. दडपलेल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही, आणि हवेशिवाय जगणारे जीवाणू त्यातून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड जवळपास निम्मानिम्मा तयार करतात. हे वर्षानुवर्षं चालतं. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के झाला की ठिणगी पुरते. इंग्लंडमधल्या लॉस्को गावात १९८६ साली, आधीच बंद झालेल्या डेपोचा वायू जमिनीतल्या भेगांमधून शेजारच्या बंगल्याखाली साठला. हवेचा दाब झपाट्याने उतरला तसा तो वर आला आणि पहाटे बंगला उडाला. तो बंगला काही ढिगावर बांधलेला नव्हता, शेजारी होता.

म्हणूनच २०१६ च्या घनकचरा नियमांत डेपो बंद केल्यावरही किमान १५ वर्षं वायू आणि पाण्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. घरांचा विचार त्यानंतर, तोही वायू, पाणी आणि मातीचा भक्कमपणा तपासून. अंतरंही ठरवून दिली होती : नदीपासून १०० मीटर, आणि वस्ती, तळं, महामार्ग, पाणीपुरवठ्याच्या विहिरी यांपासून २०० मीटर.

माझी तक्रार आहे ती अशा अंतरांनी आखलेल्या गोलाबद्दल. नकाशावर कंपास टेकवून वर्तुळ काढणं सोपं, पण घाण वर्तुळात पसरत नाही. कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी जमिनीच्या उताराने जातं. आपली काळी माती ओली असताना पाणी अडवते खरी, पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खाली मुरूम, त्याखाली चिरा गेलेला बेसाल्ट. एरवी भूजल नदीकडे सरकतं. कृष्णा-वारणेला २०१९ सारखा पूर आला की मात्र काठाजवळ नदीच जमिनीत पाणी ढकलते आणि प्रवाह उलटा फिरू शकतो. वासाचंही तसंच. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा तो पूर्वेकडे नेतो, आणि हिवाळ्यातल्या निवांत रात्री तो जागच्या जागी जमिनीलगत बसून राहतो.

म्हणजे शहराच्या आराखड्यात वर्तुळाऐवजी दोन शेपट्या हव्यात, एक भूजलाची, एक वाऱ्याची. भूजलाच्या शेपटीत पिण्यासाठी बोअर नको; वाऱ्याच्या शेपटीत शाळा, दवाखाना नको. तिथे गोदामं, वाहनतळ, भंगार वेगळं करायच्या शेड, झाडांचा पट्टा खुशाल असू द्या. आणि खुद्द ढीग? तो कुजत कुजत खचतो, तेही एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. त्यामुळे वर इमारत नको. सौर पॅनेल चालतील, पण खांब न पुरता वजनावर टेकवलेले. गवत चालेल. वड-पिंपळ मात्र लावू नयेत, मुळं वरचा मातीचा थर फोडतात.

आता बायोमायनिंगने जुना ढीग उकरून, चाळून जागा मोकळी करता येते. उत्तम काम आहे. फक्त जुन्या डेपोंना तळाशी प्लास्टिकचं अस्तर नसायचं, त्यामुळे ढीग गेला तरी खालच्या मुरमात मुरलेलं पाणी तिथेच असतं. गुंठा घ्यायचाच असेल, तर एजंटला सातबाऱ्यासोबत शेजारच्या विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवालही मागा : क्लोराइड, अमोनिया आणि विरघळलेले क्षार, एकदा मे महिन्यातला आणि एकदा दसऱ्याच्या सुमाराचा.