फंक डिस्कोतून आलं? उलट आहे
"पॉप-फंक म्हणजे जुना डिस्कोच, फंक डिस्कोतूनच निघालं" असं कायम फिरत असतं. वाटणं साहजिक आहे, दोन्ही नाचायच्या संगीताचे प्रकार, दोन्हीवर पाय थिरकतात, पण काळ बघा ना, फंक अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी १९६० च्या दशकाच्या मध्यात सोल, जॅझ, गॉस्पेल (चर्चमधलं भक्तिसंगीत) यातून घडवलं आणि डिस्को आला १९७० च्या दशकात, तोही फंककडून बरंच घेऊन. खात्री करायचीय तर हेडफोन लावून नुसता किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) ऐका. डिस्कोत चारही बीटवर सारखा धप धप धप धप. फंकमध्ये पहिल्या बीटवर दणका आणि मग बेस न गिटार मधल्या फटींमध्ये घुसतात (खरी मजा तिथेच!). आणि फंकमध्ये ब्रासच्या (ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांच्या) जागी सिंथेसायझर वाजवायची स्टाइल गाजली ती अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातल्या संगीतकारांमुळे.